एकोणसाठाव्या वर्षी दाताला तार

९ जानेवारी

चि. खारूस,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही, आणि मी लग्नही करत नाहीये. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपलं फोनवर 'जेवलात का', 'हो, तू', 'हो' एवढं झालं की दोघंही लिफ्टमध्ये अनोळखी माणसाबरोबर सापडल्यासारखे गप्प होतो. म्हणून लिहितोय.

विषय असा की मी दातांना तारा लावून घेतोय. मी म्हणजे मीच, तुझा बाप, वय एकोणसाठ, लिफ्टदुरुस्तीत अडतीस वर्षं.

गेला महिनाभर जेवताना टाळूला काहीतरी टोचत होतं. वाटलं, माशाचा काटा अडकलाय. दाखवायला गेलो तर तो माझाच दात निघाला. खालचे पुढचे दात वर टाळूत रुततात म्हणे, आणि वरचे तर तुला माहीतच आहेत, माझ्या आधी खोलीत शिरतात. डॉक्टरीणबाई तुझ्याहून लहान असेल. म्हणाली, "काका, हे असंच ठेवलं तर पाच-सहा वर्षांत पुढचे दात हलायला लागतील."

"मग काढून टाका," मी म्हटलं.

"काढायचे कशाला? चांगले दात आहेत. फक्त चुकीच्या जागी उभे आहेत."

एक्सरे काढले. गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तोंडात कोंबून साचे घेतले. त्या वेळी मी जे आवाज काढले ते बाहेर बसलेल्या दोघांनी ऐकले आणि त्यातला एक उठून घरी गेला. आधी हिरड्या साफ करून घेणार, मग तारा. वीस महिने.

तू तेरा ते पंधरा या वयात हे सगळं केलंस. मी तेव्हा घरातच होतो, पण माझं लक्ष नव्हतं. तर काय काय होतं ते नीट लिही. डॉक्टर लोक 'थोडासा दाब जाणवेल' म्हणतात. आम्हीसुद्धा लिफ्ट अडकली की आतल्या माणसाला 'दोन मिनिटं' म्हणतो. म्हणून तुला विचारतोय.

तुझा
बाबा


१८ जानेवारी

तीर्थरूप, आणि आता दंतरूपही, बाबांना,

तुमचं पत्र मी तलावाच्या काठावर बसून वाचलं आणि इतकी हसले की सकाळच्या वर्गातल्या ज्येष्ठ बायका पोहता पोहता मधेच थांबल्या. एकीच्या नाकात पाणी गेलं. पोहायला शिकवणाऱ्या बाईने असं करू नये, पण एकोणसाठ वर्षांचा बाप रोज येत नाही तारा लावायला.

लग्न करत नाही हे तुम्ही आपणहून लिहिलंत, त्यामुळे अर्थातच मला आधी तेच वाटलं. करायचं असेल तर करा. आईला जाऊन तीन वर्षं झाली. असो.

आता ऐका. बसवताना अजिबात दुखत नाही. ओठ ताणून धरायला एक प्लॅस्टिकची चौकट घालतात, त्यात तुम्ही गळाला लागलेल्या माशासारखे दिसाल. प्रत्येक दातावर एक चौकोनी तुकडा चिकटवतात, निळ्या दिव्याने सुकवतात, मग तार ओवतात. जबडा दमतो आणि लाळ गळते, बाकी काही नाही. तुम्ही उठाल आणि म्हणाल की लोक उगाच बोंब मारतात. तेवढ्यात घरी जाऊन पोटभर जेवून घ्या. कारण चार-पाच तासांनी सुरू होतं. दुसरा दिवस सगळ्यात वाईट, तिसरा त्याचा सख्खा भाऊ. सगळे दात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि तो माणूस तुमच्यावर चिडलाय असं वाटतं. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, मर्दुमकी नको.

मग गालाला आतून घासून फोड येतात. त्यासाठी मेण देतील. वाटाण्याएवढा गोळा करायचा, टोचणारा तुकडा आधी कोरडा करायचा आणि मग त्यावर दाबायचा. ओल्यावर बसत नाही. मिठाच्या पाण्याने चुळा भरा. 'स' म्हणताना काही दिवस शिट्टी वाजेल. आठवड्याभरात सगळं विसराल, मग महिन्याने ती पुन्हा तार बदलेल आणि पुन्हा दोन दिवस तेच. दात किंचित हलतात, ते हलायलाच हवेत. तुम्ही बोटाने हलवून बघणार हे मला माहीत आहे. बघू नका.

प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. कडक काही नाही, चिकट काही नाही. म्हणजे खारे दाणे बंद. हे वाक्य दोनदा वाचा.

मी लिहितेय आणि तुमचा जावई शेजारी बसून विचारतोय की बाबांना काय काय चावता येणार नाही. त्याने मऊ पदार्थांचा एक कागद भरून दिलाय, सोबत पाठवतेय. फेकायचा असेल तर निदान वाचून फेका.

तुमची
मुलगी

ता. क. 'खारू' बंद करा. मी तेहतीस वर्षांची आहे.


५ फेब्रुवारी

चि. खारूस,

(बंद करतोय. हात सवयीने लिहितो.)

तारा बसल्या. मंगळवारी सकाळी दहाला खुर्चीत बसलो, पावणेबाराला उठलो. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, काही हवं असेल तर हात वर करा." मी हात वर केला आणि विचारलं, ही तार कुठल्या धातूची. म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. तिने माझ्या तोंडात पाणी मारलं.

उठलो तेव्हा खरंच काही नव्हतं. तडक कामावर गेलो, तू सांगूनही जेवलो नाही, कारण मला वाटलं तू लहानपणापासूनच जरा तिखटमीठ लावतेस. चारच्या सुमाराला बाराव्या मजल्यावरच्या मोटर रूममध्ये होतो आणि कुणीतरी माझ्या वरच्या जबड्याला चेनपुली लावून ओढायला लागलं. मी खाली आलो. जिन्याने, कारण लिफ्टमध्ये लोक होते आणि मला कुणाशी बोलायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भात गिळला. तिसऱ्या दिवशी केळ्याने मला हरवलं.

तुझ्या स्वैपाक्याच्या कागदावरचं भोपळ्याचं सूप करून बघितलं. बरं झालं. कागद फ्रिजवर चिकटवलाय. त्याचा अर्थ काही काढू नका, दोघांनीही.

काम मात्र चांगलं आहे, हे मान्य करतो. पातळशी तार, तिला आपल्या मूळ आकारात परत जायचं असतं, आणि जाताना ती दातांना बरोबर घेऊन जाते. डोकं चालवलंय कुणीतरी. फक्त वेग फार कमी. या वेगाने मी लिफ्ट चालवली तर पहिल्या मजल्यावर चढलेला माणूस दुसऱ्यावर निवृत्त होऊन उतरेल.

फोन करू नकोस. काल 'सहावा मजला' म्हणायला गेलो तर समोरच्याच्या चष्म्यावर थेंब उडाले.

एक विचारायचं होतं. तेरा वर्षांची होतीस तेव्हा तुला इतकं दुखत होतं का?

बाबा


१६ फेब्रुवारी

बाबा,

हो.

तारा बसल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रडत आले होते. तुम्ही टेबलाशी बसून दाणे खात होतात. म्हणालात, "तार दाताला लावलीय, पाय नाही मोडलेला. रडणं बंद." मग आईने मला न्हाणीघरात नेलं, मिठाचं पाणी दिलं आणि बाहेर येऊन तुमच्याशी दोन दिवस बोलली नाही. तुम्हाला ते बहुतेक कळलंही नसेल, तुम्हाला ती शांतता आवडली असेल.

आणि 'खारू' तुम्ही शाळेच्या फाटकातून ओरडला होतात, डबा विसरले म्हणून. पुढे चार वर्षं सगळी शाळा तेच म्हणायची.

आता सुरूच केलंय तर सगळंच लिहिते. आमच्या लग्नाचे एकशे बारा फोटो आहेत. त्यातल्या एकतीसमध्ये तुम्ही आहात. एकतीसच्या एकतीस फोटोंत तुमचं तोंड बंद आहे, ओठ आत ओढलेले, कुणीतरी लिंबू दिल्यासारखे. फोटोवाला तुम्हाला 'हसा साहेब' म्हणत होता आणि तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की तो पुढे बाकीच्यांनाही हसा म्हणायला घाबरला. याला तेव्हापासून वाटतं की मुलीने दवाखान्यात स्वैपाक करणारा माणूस निवडला हे तुम्हाला पसंत नव्हतं. मी त्याला सांगत आले की बाबा तसेच आहेत. पण मलाही तेच वाटतं.

सहा वर्षं झाली. कधीतरी लिहायचंच होतं.

मुलगी


३ मार्च

पोरी,

तुझं पत्र पंधरवडा खिशात घालून हिंडलो. रोज एखादी लिफ्ट कमी दुरुस्त झाली असेल.

आधी फोटोचं. शिकाऊ होतो तेव्हा वरच्या दातांमुळे कारखान्यात मला ससा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मीही हसायचो, तोंड मिटून. मिशी त्यासाठीच वाढवली. लिफ्टच्या आत आरसा असतो. अडतीस वर्षं मी आरशाकडे पाठ करून काम केलंय. हॉलमध्ये आईचा लग्नातला फोटो आहे बघ, एकटीचा, त्यात उजव्या कडेला कुणाचा तरी खांदा दिसतो. तो खांदा माझा आहे. बाकीचा मी कात्रीने कापला. त्या फोटोत मी हसलो होतो. तुझी आई त्यावरून आयुष्यभर चिडायची. म्हणायची, नवरा कापून टाकलेली मी जगातली एकटीच बाई.

तुझ्या लग्नात मी तोंड मिटून होतो ते फोटो चांगले यावेत म्हणून.

जावयावर राग नव्हताच असं नाही म्हणणार. पहिल्या भेटीत त्याने मला विचारलं, "काका, तुमच्या लिफ्ट पडत तर नाहीत ना?" त्याचा थोडा राग होता. दवाखान्यातल्या स्वैपाकाचा नव्हता. चारशे आजारी माणसांना रोज जेवायला घालणं सोपं काम नाही.

आता दुसरं. तुझे पुढचे दात यायला लागले तेव्हा तुझी आई म्हणाली, अगदी तुमच्यासारखे आहेत. तिला कौतुक होतं. मला वाटलं, द्यायला आपल्याकडे काय होतं आणि पोरीला दिलं काय. खारू म्हटलं की ते जरा गोड वाटायचं, मला. तुला कसं वाटत असेल हा विचार केला नाही. आणि तू रडलीस त्या दिवशी मला ते बघवेना, म्हणून 'बंद' म्हटलं. बघवत नसेल तर माणसाने उठून जावं. मी दाणे खात बसलो.

मिठाचं पाणी चांगलं आहे. रोज करतो.

बाबा


२४ मार्च

बाबा,

तो खांदा मी लहानपणापासून मामाचा समजत होते. माझ्या मनात तर एक गोष्टही तयार होती, की मामा लग्नात घुसून फोटोत येत होता म्हणून तुम्ही त्याला कापलंत. मामावर फार अन्याय झाला.

तुमचं पत्र याला वाचून दाखवलं. लिफ्ट पडण्याचा भाग ऐकून तो दोन मिनिटं डोकं धरून बसला. म्हणाला, "मला उंचीची भीती वाटते, म्हणून विचारलं होतं. टोमणा नव्हता." तुम्ही दोघं एकमेकांना सहा वर्षं घाबरत होतात आणि मी मधे उभी.

बातमी अशी की तो दवाखान्यातली नोकरी सोडतोय. आमच्याच रस्त्यावर कोपऱ्याचं दुकान मिळालंय, सहा टेबलं मावतात. स्वतःची खानावळ. अठरा ऑक्टोबरला उघडायची. तुम्ही यायचंच. तोपर्यंत तुम्हाला चावताही येत असेल.

तुमची
मुलगी


१२ जून

पोरी,

अठरा ऑक्टोबर कॅलेंडरवर लाल पेनाने मांडलाय.

तार आता जाड घातलीय. परवापासून रबरही सुरू झालेत, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक, जेवताना काढायचे, बाकी दिवसभर. एक काल बोलता बोलता तुटून सुपरवायझरच्या चहात पडला. त्याने चहा टाकला, मी रबर धुऊन घेतला.

डॉक्टरीणबाई म्हणते, ऑक्टोबरपर्यंत अर्धंच काम होईल. ती सांभाळून बोलते. माझा हिशेब वेगळा आहे. बघच तू.

भोपळ्याच्या सुपात मी आता थोडं आलं घालतो. त्याला सांग.

बाबा


४ सप्टेंबर

पोरी,

अठराला येणं जमेलसं वाटत नाही. एका मोठ्या इस्पितळात चार लिफ्ट बदलायचं काम आलंय, नेमकं त्याच आठवड्यात. माझ्याशिवाय होणार नाही. जावयाला शुभेच्छा सांग. मी नंतर कधीतरी सवडीने येईन.

बाबा


११ सप्टेंबर

बाबा,

मी तुमच्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, अठराच्या आठवड्यात बाबांना दोन दिवस सोडता येईल का. तिथल्या बाई म्हणाल्या, त्या आठवड्यात तर त्यांची रजा लागलीय, जूनमध्येच मागितली होती.

चार लिफ्ट नाहीत. एकही नाही.

माझ्याशी खोटं बोललात त्याचं काही नाही, आपण घरात एकमेकांशी तसंही फार खरं बोलत नव्हतो. पण मार्चमध्ये तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला वाटलं होतं की आता संपलं. याने तुमच्यासाठी खिडकीजवळच्या टेबलाला हात टेकायची खुर्ची आणली. त्याला मी तुमच्या लिफ्टचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "असू दे, कामाचा माणूस आहे." त्याने विश्वास ठेवला. म्हणून मला जास्त राग आला.

नसेल यायचं तर 'नको वाटतं' एवढंच लिहा. समजेल मला.

मुलगी


१७ सप्टेंबर

पोरी,

नको वाटत नाही. लाज वाटते.

रबर एका बाजूला एक लावायचा होता. मी दोन लावले. मग जुलैपासून तीन. एकाने ओढलं तर जे महिन्यात सरकतं ते तिघांनी ओढलं तर दहा दिवसांत सरकेल, असा माझा हिशेब. आमच्या धंद्यात तो बरोबर असतो. ऑक्टोबरपर्यंत दात आत यायला हवे होते. तुमच्या त्या खानावळीच्या दारात मला एकदा तोंड उघडून उभं राहायचं होतं.

ऑगस्टमध्ये डावा सुळा हलायला लागला. किंचित नाही, चांगला हलायला लागला. बोटाने बघितलं, हो. पाणी प्यायलं तरी कळ जायची. डॉक्टरीणबाईने विचारलं, "काका, रबर किती लावता?" म्हटलं, एक. ती म्हणाली, "महिनाभराची पिशवी तुम्ही दहा दिवसांत संपवून परत मागायला आलात. मला वाटलं तुमच्याकडून हरवतात." मग मी सांगून टाकलं. तिने एक्सरे काढला. सुळ्याच्या मुळाचं टोक झिजलंय. ते परत वाढत नाही. मुळाभोवतीचं हाड सावकाश विरघळतं आणि सावकाश भरतं, तेव्हा दात सरकतो. घाई केली तर हाडाला भरायला वेळच मिळत नाही. हे तिने मला एका कागदावर चित्र काढून समजावलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता दोन महिने रबर बंद. दात टिकेल असं ती म्हणते, पण नक्की म्हणत नाही. पुढचं सगळं सहा महिने लांबलं. म्हणजे अठराला मी जसा होतो तसाच येणार, वर तारा, एक दात हलता, आणि बोलताना थुंकी. नव्या दुकानात पहिल्या दिवशी असं तोंड घेऊन कोण येतं?

बाबा


२१ सप्टेंबर

बाबा,

तुमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते. लिफ्ट अडकल्यास दार स्वतः उघडण्याचा प्रयत्न करू नये. तुम्हीच स्क्रूने बसवता ती.

मी आधी ओरडले, मग रडले, मग दिवसभर जो भेटेल त्याला सांगितलं की माझ्या बापाने स्वतःच्या तोंडाची चेनपुली केली. ज्येष्ठ बायकांच्या वर्गाने तुमच्या सुळ्याची रोज चौकशी करायची असं ठरवलंय.

या. तोंड आहे ते घेऊन या. याला सांगितलं तर तो आत गेला आणि पाटीवरच्या पदार्थांत भोपळ्याचं सूप लिहून आला. आल्यासकट.

तिकीट काढलं की कळवा. आणि डॉक्टरीणबाईंचं ऐका, त्या मला आवडायला लागल्यात.

तुमची
मुलगी


२६ ऑक्टोबर

बाबा,

तुम्ही गेल्यापासून इथे बरं चाललंय. काल सहाही टेबलं भरली होती. एका माणसाने जेवण परत पाठवलं, मग स्वतःच परत मागवलं.

एक सांगायचं राहिलं. सांगणार नव्हते, पण आठ दिवस डोक्यात तेच आहे.

पहिल्या संध्याकाळी भिंतीकडच्या टेबलावर आईवडिलांबरोबर एक मुलगी आली होती, बारा-तेरा वर्षांची. हात तोंडावर, ताट तसंच. तिची आई म्हणत होती, "एवढं काय त्यात, सगळ्यांनाच लावतात. खा." तुम्ही तुमची ती हातांची खुर्ची उचललीत आणि तिच्या टेबलाशी नेऊन ठेवलीत. त्या आईवडिलांना वाटलं तुम्ही मालक आहात.

"काल बसवल्या?" तुम्ही विचारलंत. तिने मान हलवली.

"म्हणजे आज दुसरा दिवस. आज सगळ्यात वाईट. उद्याही बऱ्यापैकी वाईट. परवा कधीतरी तुझ्या लक्षात येईल की अर्धा तास झाला, आपल्याला दातांची आठवणच आली नाही. तिथून पुढे बरं आहे." आणि तुम्ही तोंड उघडलंत. बाबा, मी जन्मात तुमचं तोंड इतकं उघडलेलं पाहिलं नव्हतं. त्या मुलीने आत वाकून बघितलं. तुम्ही सुळ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "हा मी घाई करून बिघडवला. डॉक्टर सांगेल तेवढेच रबर लाव." ती हसली आणि लगेच कळवळली. मग तुम्ही शर्टाच्या खिशातून मेण काढून गोळा कसा करायचा ते दाखवलंत, आधी कोरडं करायचं हेही सांगितलंत.

आणि मग म्हणालात, "माझ्या मुलीला तुझ्याएवढी असताना लावल्या होत्या. तिला फार दुखायचं. मी तिला रडू नको म्हटलं. चुकलं माझं. तुला रडायचं असेल तर रड. तुझ्या आईला कळत नसेल तर तिला माझ्याकडे पाठव, मी तिला रबर लावतो."

सूप आलं. तिने अख्खी वाटी संपवली.

मी तेव्हा स्वैपाकघराच्या झुलत्या दारामागे ट्रे घेऊन उभी होते. ट्रेमधलं सगळं गार झालं, हा मला हाका मारत होता, आणि मला हलता येईना. तुम्हाला वाटलं असेल मी घरी गेलेय. पण मी सगळं ऐकलं. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितेय.

तुमची
मुलगी


३ नोव्हेंबर

पोरी,

सुळा घट्ट होतोय. डॉक्टरीणबाईने चिमट्याने धरून बघितला आणि पहिल्यांदाच 'नक्की टिकेल' म्हणाली. दोन आठवड्यांनी रबर परत सुरू, बाजूला एक. तिने पिशवीत मोजून घातले आणि माझ्यासमोर पुन्हा मोजले.

जावयाला सांग, झुलतं दार जमिनीपासून वीतभर वर बसलंय. सुताराने माप चुकवलंय. आतल्या माणसाचे पाय बाहेरून दिसतात. तुझ्या त्या तलावावरच्या निळ्या चपला मी खुर्ची ओढली तेव्हापासून तिथेच होत्या, एकदाही हलल्या नाहीत.

त्या मुलीला मी हळू आवाजात सांगत होतो. नंतरचं जरा मोठ्याने बोललो.

बाबा